पलीकडच्या कड्यावरचं ऊन

बर्मिंगहॅम
११ सप्टेंबर १९८८

प्रिय राजीव,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकला असशील. घाबरू नकोस, नवीन काही वाईट घडलेलं नाही. आमचा विनय जाऊन सव्वादोन वर्षं झाली आणि इतक्या दिवसांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही. तुझा दोष नाही. त्याच्या एकाही मित्राला माझ्याशी काय बोलावं ते कळत नसे, आणि मलाही त्यांच्याशी काय बोलावं ते कळत नसे.

तुझा बेसिंगस्टोकचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. कॉम्प्युटर कंपनीत तुझं बरं चाललंय म्हणाली.

मी हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी सोडली. मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि काही दिसायचंच नाही, असं व्हायला लागलं होतं. आता मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी आर्ट कॉलेजच्या क्लासला जाते. मिस्टर पेनफोल्ड म्हणून सत्तरीचे मास्तर आहेत. ते मेझोटिंट शिकवतात, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून चित्र छापणं. आधी त्या पत्र्यावर रॉकर नावाचं अर्धगोल, दातेरी पातं डोलवत फिरवायचं. उभं, आडवं, तिरकं, पुन्हा उभं. आठवडेच्या आठवडे. पत्रा सगळा खरखरीत झाला की शाई लावून छापला तर कागद काळाकुट्ट निघतो. मग जिथे उजेड हवा तिथे खरवडायचं. जितकं गुळगुळीत कराल तितकं पांढरं.

पेनफोल्डनी आम्हाला म्युझियममध्ये नेऊन जुनी चित्रं दाखवली. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लिश मंडळी या पद्धतीने आपला मुलूख छापायची. नुसतं माळरान, चार झाडं, आणि तीन हिस्से आकाश. पाऊस येऊ घातलेला. माणूस असलाच तर तांदळाच्या दाण्याएवढा. पंचवीस वर्षं या देशात राहून मी हवेला नावं ठेवली, पण ती अशी कधी पाहिली नव्हती.

मला ती जागा काढायची आहे. वाय नदीकाठची. मी ती पाहिलेली नाही. कोरोनरपुढे त्याच्या मृत्यूची चौकशी झाली तिला आमच्या घरून तुझे काका एकटे गेले. मला एवढंच सांगितलं, की सकाळी अकराला झालं, राजीव शेजारी होता, एका मिनिटात संपलं. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही आणि मला तिकडे नेलंही नाही.

तू तिथे होतास. मला ती जागा सांग. झाडं कुठे, पाणी कसं, ऊन कुठून येत होतं. आणि जमलं तर मराठीत लिही. इंग्रजी पत्रं मला त्या वर्षी फार आली, सगळी एकसारखी.

तुझी,
सुमेधामावशी


बेसिंगस्टोक
२ ऑक्टोबर १९८८

प्रिय मावशी,

सॉरी, उशीर झाला. माझी मराठी खराब आहे. आजीला दर संडे पत्र लिहायला लागायचं तेवढंच येतं. चुका सांभाळून घ्या.

जागा सांगतो. रॉस गावापासून थोडं लांब आहे. कार वर लेनमध्ये पार्क करायची आणि शेतातून खाली चालायचं. नदी तिथे वळतो. आपल्या बाजूला मोठं सपाट दगड आहे, मागे उंच झाडं. समोर पलीकडे कडा आहे, खूप उंच, वर जंगल. कड्यावर पूर्ण ऊन होतं. जिंजर बिस्किट असतं ना, तसा कलर. आपल्या बाजूला सावली. पाणी कड्याखाली पिवळा आणि आमच्या पायाशी काळा. मला ते डोळे बंद केले तरी दिसतं.

विनय हसत होता. हे मला तुम्हाला सांगायचं होतं. एक्झाम संपली होती, तो हॅपी होता. पाणी मस्त आहे म्हणाला. अकरा वाजले होते. आत गेला आणि करंट होता. मी पण उडी मारली. एक मिनिटसुद्धा नाही झाला.

काकांना नमस्कार.

राजीव


बर्मिंगहॅम
१५ जानेवारी १९८९

प्रिय राजीव,

नदी वळते. ती. पाणी पिवळं आणि काळं. बाकी तुझं मराठी उत्तम आहे. विनयने आयुष्यात मला एकदाच मराठीत लिहिलं होतं, वाढदिवसाच्या कार्डावर, तेही 'आई' मधला ई पहिला घालून.

तुझं पत्र गॅरेजमध्ये बाकावर ठेवून काम करते. गाडी आता बाहेर असते. अकरा आठवडे नुसता पत्रा खरखरीत केला. काका वरून ओरडले, "काय दळतेस रोज?" मी म्हटलं, "या आणि बघा." आले नाहीत. तिथे काय चाललंय ते त्यांना माहीत आहे, पण ते पायरी उतरत नाहीत. डॉक्टर माणूस, रोज लोकांना भूल देऊन झोपवतो, आणि स्वतःच्या गॅरेजला भितो.

कडा खरवडून झाला. पहिला नमुना छापला तेव्हा पेनफोल्ड चष्मा वर करून बघत राहिले. म्हणाले, "हे ऊन पाहिलेलं आहे." मी म्हटलं, मी नाही, दुसऱ्या कुणीतरी पाहिलंय, मी फक्त त्याचं पत्र वाचलंय.

आता दगडावर तुम्ही दोघं हवे आहात. दाण्याएवढेच, पण नीट हवेत. कोण पाण्याच्या बाजूला बसलं होतं? त्याने बूट कुठे काढले? त्याचा तो निळा शर्ट अंगात होता की काढला होता? तू उडी मारलीस ती दगडावरूनच का? तुला त्रास होत असेल हे मला कळतं. पण हे मला दुसरं कोण सांगणार?

तुझी,
सुमेधामावशी


बेसिंगस्टोक
२० मार्च १९८९

प्रिय मावशी,

ऑफिसमध्ये खूप काम होतं म्हणून लिहिलं नाही.

माझं लग्न ठरलं. शिल्पा नाव आहे, ऑप्टिशियन आहे, हॅरोमध्ये वाढली. १९ ऑगस्टला, स्टॅनमोरला. आई वेगळं कार्ड पाठवेल. तुम्ही आणि काका आलात तर मला खूप बरं वाटेल. नाही आलात तरी मी समजू शकतो.

चित्रात माणसं नका घालू ना मावशी. त्या जुन्या चित्रांत पण कधी कधी कोणी नसतं, तुम्हीच म्हणालात. नुसती नदी चांगली दिसेल. शर्ट वगैरे मला आठवत नाही.

राजीव


बर्मिंगहॅम
२५ जून १९८९

प्रिय राजीव,

शिल्पाला माझे आशीर्वाद. पत्रिका मिळाली.

गुरुवारी, २२ जूनला, मी तिथे जाऊन आले. तीन वर्षं झाली त्या दिवशी. काकांना सांगितलं, अनुराधाबरोबर शॉपिंगला जाते. अनुराधा म्हणजे लॅबमधली माझी मैत्रीण. तिने गाडी चालवली. तू लिहिलेली जागा शोधायला वेळ लागला नाही. लेन, शेत, उंच झाडं, दगड. सगळं तंतोतंत. साडेदहाला आम्ही दगडावर होतो. अनुराधा वर जाऊन बसली, मला एकटीला सोडून.

अकरा वाजता सूर्य कड्याच्या मागे होता. कडा पूर्ण सावलीत, काळानिळा. ऊन होतं ते आपल्या बाजूला, दगडावर, माझ्या तोंडावर. तू लिहिलंस त्याच्या नेमकं उलट.

मी थांबले. डबा खाल्ला, पुन्हा बसले. दोनच्या सुमाराला कड्याला ऊन लागायला लागलं. साडेसहाला आपली बाजू सावलीत गेली आणि समोरचा कडा तुझ्या जिंजर बिस्किटाच्या रंगाचा झाला. पाणी कड्याखाली पिवळं, पायाशी काळं. मी पत्रातल्या ओळी एकेक करून पडताळल्या.

राजीव, असं ऊन मनाने रचून लिहिता येत नाही. तू ते पाहिलंयस. म्हणजे तू तिथे संध्याकाळी होतास. मग सकाळी अकरा वाजता कोण होतं?

मी रागावून विचारत नाही. पण विचारते आहे.

सुमेधामावशी


बेसिंगस्टोक
१ जुलै १९८९

प्रिय काका,

हे तुमच्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवतो, घरी नाही. मावशीचं पत्र आलंय. ती नदीवर जाऊन आली. तिला कळलंय की मी सकाळी तिथे नव्हतो. मी काय लिहू?

मी तीन वर्षं खोटं बोललो कारण तुम्ही सांगितलं आणि कारण मला पण ते सोपं होतं. आता मला जमत नाही. लग्नाच्या कार्डवर तिचं नाव लिहिताना हात थांबला. काका, मला सांगू द्या.

राजीव


बर्मिंगहॅम
५ जुलै १९८९

चि. राजीव यास,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. सुमेधा शॉपिंगला गेली आणि एकही पिशवी न घेता परतली, चेहरा उन्हाने भाजलेला. तेव्हाच मला अंदाज आला होता.

तू उशिरा पोहोचलास, हे सांगायचे तर सांग. ते ओझे मी तुझ्यावर तीन वर्षे ठेवले, याची मला लाज वाटते. तू तेव्हा एकवीस वर्षांचा होतास.

पण एक गोष्ट सांगायची नाही. चौकशीच्या वेळी त्या मासे धरणाऱ्या गृहस्थांनी जे सांगितले ते तुझ्या लक्षात असेल. तू माझ्या शेजारी बसला होतास. विनय त्यांना म्हणाला होता, "मित्र येईलच. नाहीच आला तर आई येईल." ते वाक्य सुमेधाच्या कानावर जाता कामा नये. का, ते मला विचारू नकोस. त्या एका वाक्यासाठी मी अकराची वेळ ठरवली. बाकीचे सगळे तिने ऐकले तरी ती उभी राहील, हे ऐकून राहणार नाही.

लग्नाला आमचे येणे होईल असे वाटत नाही. सुखी राहा.

चंद्रशेखर


बेसिंगस्टोक
३० जुलै १९८९

प्रिय मावशी,

आज मी चुका बघत नाही, सरळ लिहितो.

मी तिथे नव्हतो. सकाळी दहाला मी त्याला दगडावर सोडलं आणि कार घेऊन हेरफर्डला गेलो. तिथे कॅरन नावाची मुलगी होती, आमच्या इयरची. मला ती आवडायची. विनयला माहीत होतं. तोच म्हणाला, "जा ना, मी पुस्तक वाचतो, ट्वेल्व्हला ये." त्याची बॅग, वॉलेट सगळं कारमध्येच राहिलं. खिशात थोडी चिल्लर होती फक्त.

मी बाराला निघू शकत होतो. मला कोणी थांबवलं नाही. कार बिघडली नाही. आम्ही लंच केलं, मग चर्च बघितलं, मग आइस्क्रीम. मी दोनदा घड्याळ बघितलं. वाटलं, विनय आहे, तो समजून घेईल. तो नेहमीच समजून घ्यायचा.

साडेसहाला पोहोचलो. दगडावर त्याचे बूट होते, त्यात सॉक्स घडी करून. पुस्तक होतं. निळा शर्ट दगडावर पसरला होता. मला वाटलं, रागावून लपला असेल. मी त्याला हाका मारल्या, जोक केले. समोर कड्यावर ऊन होतं. मी ते ऊन किती वेळ बघत बसलो मला माहीत नाही. मग खालून कनू बोटवाले लोक ओरडत आले, त्यांना तो सापडला होता.

एक म्हातारे गृहस्थ तिथे मासे धरत होते, मिस्टर प्रॉसर. त्यांनी कोरोनरला सांगितलं की चार वाजता विनय ठीक होता, त्यांनी त्याला चहा दिला. ते साडेचारला घरी गेले. त्यानंतर त्याला कोणी पाहिलं नाही. तो गरम होतं म्हणून पाण्यात उतरला असेल, दगडाखाली एकदम खोल आहे, असं कोरोनर म्हणाले. ॲक्सिडेंट म्हणून लिहिलं. तो हसत होता का, मला माहीत नाही. ते मी बनवलं.

काकांना दोष देऊ नका. त्यांना तुम्हाला वाचवायचं होतं. दोष माझा आहे. बारानंतर तो तिथे साडेसहा तास होता मावशी, माझ्यामुळे.

लग्नाला या असं मी आता म्हणू शकत नाही.

राजीव


बर्मिंगहॅम
१४ ऑक्टोबर १९९०

प्रिय राजीव,

चौदा महिने मी तुला उत्तर दिलं नाही. लग्नाचा फोटो तुझ्या आईने पाठवला. शिल्पाचा चेहरा मोकळा आहे. आवडली मला.

तुला वाटलं असेल, मावशीने मला कायमचं तोडलं. ते तसं नाही. उत्तर लिहायचं म्हणजे मलाही काहीतरी लिहावं लागणार होतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता लिहिते. वाचून फाडून टाक.

ते अकराला घडलं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ऊन, कडा, सावली हे मागाहून आलं. त्या रविवारी आमच्याकडे आठ माणसं जेवायला होती. काका नुकतेच कन्सल्टंट झाले होते, त्यांच्या डिपार्टमेंटची मंडळी. मी तीन दिवस राबत होते. दोन वाजता हॉलमधला फोन वाजला. विनय होता. गावातल्या फोनबॉक्समधून.

म्हणाला, "मम्मी, राजीव अजून आला नाही. माझं वॉलेट त्याच्याकडे आहे. तू येतेस का घ्यायला?"

मी म्हटलं, "अरे, आत्ता पानं वाढतेय. दोन तासांचा रस्ता आहे. येईल राजीव. थांब थोडा."

"आणि नाही आला तर?"

"चारपर्यंत नाही आला तर पुन्हा फोन कर. मग बघू."

"ओके मम्मी," म्हणाला. मग पैसे संपल्याचे पिप्स आले. मी घाईत होते, गॅसवर पुऱ्यांचं तेल होतं. मी त्याला 'जपून' सुद्धा म्हटलं नाही.

आत गेले तर काकांनी विचारलं, "कोणाचा फोन?"

मी म्हटलं, "राँग नंबर."

का म्हटलं, ते मला चांगलं ठाऊक आहे. खरं सांगितलं असतं तर ते तसेच उठून गाडी काढून निघाले असते, पाहुण्यांना सोडून. लेकाच्या बाबतीत ते तसेच होते. आणि माझी तीन दिवसांची मेहनत ताटात थंड झाली असती. पुऱ्या छान फुगल्या होत्या त्या दिवशी. सगळ्यांनी तारीफ केली. चारला फोन वाजला नाही तेव्हा मी म्हटलं, आला असेल राजीव.

म्हणून तुला मी इतके प्रश्न विचारत होते. चित्र करायचं होतं हे खरंच. पण तू एकदा खरं बोललास तर मलाही बोलता येईल, असं वाटायचं. आणि तू बोललास तेव्हा मला चौदा महिने तोंड उघडता आलं नाही.

तुझ्या साडेसहा तासांतले साडेचार माझे आहेत. ते तुझ्या एकट्याच्या नावावर ठेवून मी मरणार नाही.

काकांशी मी यातलं काही बोललेले नाही. आमच्या घरात अजूनही ते सकाळी अकरालाच घडलंय.

आता एकच विचारते. त्या प्रॉसर नावाच्या गृहस्थांशी विनय चार वाजता बोलला. काय बोलला? माझ्याबद्दल काही म्हणाला का? फोनबद्दल? रागावला होता का माझ्यावर? तू तिथे बसून ऐकलंयस. जे असेल ते सांग.

सुमेधामावशी


बेसिंगस्टोक
२८ ऑक्टोबर १९९०

प्रिय मावशी,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि फाडलं, तुम्ही म्हणालात तसं. शिल्पालाही दाखवलं नाही.

तुमचा काही दोष नाही. मी बाराला यायला हवं होतं. मी आलो असतो तर तो फोनच झाला नसता. प्लीज ते तास वाटून घेऊ नका. ते सगळे माझेच आहेत.

मिस्टर प्रॉसरबद्दल विचारलंत. मला सगळं नीट आठवतं. ते म्हणाले की विनयने विचारलं कुठले मासे मिळतात. त्यांनी चब आणि बार्बल असं सांगितलं. चहात साखर नव्हती, त्याने तसाच घेतला. पाऊस येईल का असं बोलणं झालं. पुस्तक कसलं आहे, तेही त्यांनी विचारलं. तो रिलॅक्स्ड होता, असंच ते म्हणाले, दोनदा म्हणाले. फोनबद्दल काही नाही. तुमच्याबद्दल काही बोलला नाही. नाही मावशी. काही नाही.

शिल्पाला मार्चमध्ये बाळ होणार आहे. हे तुम्हाला सांगावं की नाही कळत नव्हतं.

राजीव


बर्मिंगहॅम
९ जून १९९१

प्रिय राजीव,

मुलगी झाल्याचं तुझ्या आईने कळवलं. सुखाची असो. दुपट्याचं पार्सल वेगळं पाठवलंय. रंग पांढराच घेतला, धुवायला कटकट आहे, शिल्पाची माफी माग.

तुझं ऑक्टोबरचं पत्र मी कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं. मासे, साखर, पाऊस. पाच महिने मी त्यावर विश्वास ठेवला. ते पाच महिने मला झोप लागली, हे तुला सांगायला हवं. मग पुन्हा लागेनाशी झाली.

एप्रिलमध्ये बसने रॉसला गेले. मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारलं. प्रॉसरना गावात सगळे ओळखतात. ऐंशीच्या पुढे आहेत, पायांनी अधू झालेत, आता नदीवर जात नाहीत. मी कोण हे सांगितल्यावर त्यांनी आधी खुर्चीवरची मांजर हुसकली, मला बसवलं.

मग म्हणाले, "फार सभ्य मुलगा होता. मी निघताना विचारलं, तुला गावापर्यंत सोडू का? तर म्हणाला, नको, मी हललो तर चुकामूक होईल. मित्र येईलच. नाहीच आला तर आई येईल."

म्हणजे चारनंतर त्याने पुन्हा फोन का केला नाही, ते मला कळलं. त्याला वाटलं, मी निघालेच असेन. "मग बघू" याचा अर्थ त्याने तसा घेतला. आयुष्यभर मी "मग बघू" म्हणायची आणि नंतर ते करायचीच, रे. त्याचं काय चुकलं?

तू मला ते लिहिलं नाहीस. मी रागावलेली नाही. साखर नसलेल्या चहाचं प्रॉसरना विचारलं, तेवढं खरं निघालं.

पण मी निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. ते वाक्य त्यांनी कोरोनरपुढे उच्चारलं तेव्हा तुझे काका पहिल्या रांगेत बसले होते. ऐकून ते उभे राहिले. कोरोनरने विचारलं, काही म्हणायचंय का डॉक्टर? तर म्हणाले, नाही, आणि बसले. नंतर बाहेर येऊन त्यांनी प्रॉसरचा हात हातात घेतला आणि म्हणाले, माझी पत्नी कधी भेटली तर हे तिला सांगू नका. पाच वर्षं म्हाताऱ्याने शब्द पाळला. म्हणाला, "पण तुम्ही स्वतः दारात आलात, मग मला राहवलं नाही."

राजीव, ते त्याच क्षणी समजले असणार. दोन वाजताचा फोन, राँग नंबर, सगळं. त्यांना पाच वर्षं माहीत आहे. रोज सकाळी माझ्यासमोर बसून टोस्टला लोणी लावतात, एकदाही विचारलं नाही. चिडून नाही, भांडणात नाही, तापात बरळताना नाही. उलट अकराची गोष्ट रचून माझ्या हातात दिली, आणि तुला, एका पोराला, त्यात ओढलं. त्यांचं ते चुकलंच. पण कशासाठी केलं, ते मला आता कळतंय.

तेव्हा तुझ्याकडे एक मागणं आहे. मी प्रॉसरना भेटले हे त्यांना कधीही सांगू नकोस. मला यातलं काही माहीत नाही, या एका समजुतीवर तो माणूस उभा आहे. ते मी काढून घेणार नाही. मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटतं, पण तेवढंही करता येत नाही, कारण का म्हणून सांगावं लागेल.

चित्र पुरं झालं. दगडावर तुम्ही दोघं बसलेले खरवडले होते, त्यातल्या तुझ्या जागी पत्रा पुन्हा खरखरीत करून काळा केला. तुला शिक्षा म्हणून नाही. तू नव्हतास, म्हणून. आता एकटा तोच आहे, पाठमोरा, गुडघे जवळ घेतलेला. कड्यावर संध्याकाळचं ऊन आहे.

मागच्या रविवारी नमुना वाळत घातला होता आणि मी स्वयंपाकघरात होते. गॅरेजचं दार वाजलं. जाऊन पाहते तर काका खाली उभे, चपला हातात, देवळात गेल्यासारखे. चित्राला नाक लावून बघत होते. मी पायरीवरच थांबले. मग मागे न वळता म्हणाले,

"सुमेधा, उन्हं गेली की नदीवर फार गारठा पडतो. याच्या अंगात काहीतरी घाल."

मी म्हटलं, "अहो, पाव इंचाचा आहे तो. त्याला स्वेटर कुठून दाखवू?"

"तरी पण," म्हणाले.

ते वर गेल्यावर मी दिवा लावला, भिंग घेतलं आणि त्याच्या खांद्यांवरचा उजेड थोडा कमी केला.

तुझी,
सुमेधामावशी